ताबा लवकरच

चौदा वर्षं मी वसईतल्या एका बिल्डरच्या ऑफिसात बसून ‘लवकरच’ हा एकच शब्द विकला. फ्लॅट विकायला दुसरी माणसं होती. ती चकचकीत कागदावर हिरवळ, कारंजं आणि लाल फुगा धरलेली मुलगी दाखवायची. गिऱ्हाईक सही करून गेलं की त्याची फाइल माझ्या टेबलावर यायची, आणि पुढची दोन, तीन, कधी चार वर्षं त्या माणसाला मी सांभाळायचे. माझ्या हुद्द्याचं नाव ‘करस्पॉन्डन्स’. आई मात्र गावात सांगायची, “मर्सी बिल्डरकडे कागद काळे करते.” माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन पुढे कुणालाच जमलं नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी पस्तिशीची, भुईगावची, आणि स्वतःवर बेहद्द खूश. सिस्टरांच्या शाळेत इंग्रजीत पहिली आले म्हणून मला एक जाडजूड डिक्शनरी बक्षीस मिळाली होती. आमच्या घरात तिचा उपयोग लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून व्हायचा, तो मी नोकरी लागल्यावर बंद केला. त्या डिक्शनरीच्या जोरावर माझी समजूत झाली होती की सबंध तालुक्यात इंग्रजी येतं ते मला; बाकीचे नुसतेच बोलतात. मी नंबर नसलेला चष्मा लावायचे. वाडीतल्या रेतीच्या वाटेवरून उंच टाचांच्या चपला घालून निघायचे, आणि टाच रेतीत रुतली की आजूबाजूला कुणी पाहत नाही ना, हे बघून मगच उपटून काढायचे. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी तिला ओळख दाखवणार नाही.

आता धंदा सांगते. वसई आणि नालासोपाऱ्याच्या मधे तेव्हा भातखाचरं होती. एक दिवस खाचरात पाटी उभी राहायची. मग खड्डा पडायचा. मग खड्ड्यात पाणी साचायचं आणि पाटीवरचा रंग उडायला लागायचा. गिरगाव, परळ, लालबागच्या एकेका खोलीतून आठ-आठ, नऊ-नऊ माणसांनी आयुष्य काढलेली कुटुंबं येऊन तो खड्डा पसंत करायची. रविवारी तर डबा घेऊन आपला खड्डा बघायला यायची. काठावर वर्तमानपत्र पसरून बसायची, पुरीभाजी खायची, आणि आजोबा नातवाला हवेत बोट दाखवून सांगायचे, “तिथे, त्या बगळ्याच्या वर, तो आपला हॉल.”

हॉल हवेतून खाली यायला वेळ लागायचा. कधी परवानगी अडायची, कधी सिमेंट, कधी मजूर गावी जायचे, आणि बरेचदा शेठनी तेच मजूर दुसऱ्या खड्ड्यावर नेलेले असायचे. मग लोकांची पत्रं यायची. ताबा कधी? म्हणजे किल्ली हातात कधी? उत्तर मी द्यायचं.

उत्तर इंग्रजीत. लोक बोलायचे मराठीत, शेठ मराठी, मी मराठी, पण पत्र इंग्रजीत. शेठ मूळचे विटांचे व्यापारी, शाळेशी त्यांचं फार जमलेलं नव्हतं, पण माणसाची नस पक्की ओळखायचे. ते म्हणाले, “मॅडम, मराठी पत्र गेलं की माणूस भांडायला येतो. इंग्रजी पत्र गेलं की तो आधी वाचून दाखवणारा शोधायला जातो. तेवढ्यात आपला एक स्लॅब घालून होतो.”

म्हणून मी डिक्शनरी उघडली आणि ‘लवकर’ची सगळी भावकी कागदावर उतरवली. तो तक्ता मी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. आता लाज वाटते, तेव्हा मी येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवायचे.

सगळ्यात वर ‘इमिजिएटली’. ताबडतोब. हा शब्द आमच्या बाजूने कधीही वापरायचा नाही. गिऱ्हाइकाने काय करायचं ते ‘इमिजिएटली’; आम्ही काय करणार त्याला हा शब्द शिवायचा नाही. त्याखाली ‘शॉर्टली’: विटकाम दिसायला लागलं की चालतो. ‘सून’ हा साधासुधा शब्द शेठना नापसंत. म्हणाले, वाचून दाखवताना लोक हसतात, कुणाची सून विचारतात. ‘प्रेझेंटली’ मला फार आवडायचा, कारण त्याचा अर्थ वाचणाऱ्याला लागत नसे आणि मलाही धड लागला नव्हता. ‘ॲट द अर्लिएस्ट’ म्हणजे आम्हालाही माहीत नाही, पण वाईट वाटतंय. आणि सगळ्यात तळाला ‘इन ड्यू कोर्स’, यथावकाश. खड्ड्यात बेडूक असेपर्यंत हाच.

एक गंमत मला काम करता करता कळली. यांतल्या कुठल्याही शब्दाच्या आधी ‘व्हेरी’ लावलं की मुदत जवळ यायच्या ऐवजी लांब जाते. ‘शॉर्टली’ म्हणजे सहा महिने. ‘व्हेरी शॉर्टली’ म्हणजे वर्ष. आपल्या मराठीत तरी काय वेगळं आहे? जायला निघालेला माणूस ‘येतो’ म्हणतो. चहाचं आधण ठेवायच्या आधी ‘झालाच चहा’ म्हणतात. घरातून पाय न काढलेला माणूस फोनवर ‘पोचलोच’ म्हणतो. पण मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाचं ‘आलोच’ ऐकून मनातल्या मनात अर्धा तास जोडतो. इंग्रजीत तो काही जोडत नाही. इंग्रजीत लिहिलंय म्हणजे खरं असणार, असं धरून चालतो. आमचा सगळा धंदा त्या अर्ध्या तासावर उभा होता.

माझ्या वडिलांची केळीची बाग. एकदा मी जेवताना माझा तक्ता त्यांना समजावून सांगत होते. ते म्हणाले, “केळफूल बाहेर पडलं की तीन महिन्यांनी घड उतरतो. केळफूलच नसेल तर आम्ही व्यापाऱ्याला ‘पुढच्या वर्षी ये’ म्हणतो. तुमच्यात याला काय शब्द?” मी म्हटलं, “बाबा, तुम्हाला नाही कळायचं, हे कॉर्पोरेट आहे.” आमचं कॉर्पोरेट म्हणजे एक गाळा, दोन पंखे, आणि त्यातला एक बंद.

गिऱ्हाइकांत एक निवृत्त हेडमास्तर होते, दादरला राहणारे. माझं पत्र गेलं की आठवड्याभरात त्याची झेरॉक्स परत यायची, लाल शाईने तपासून. समासात शेरे. एकदा दहापैकी सहा गुण दिले आणि खाली लिहिलं, ‘भाषा सफाईदार. ‘शॉर्टली’ या शब्दाचे मोजमाप द्यावे. उत्तरात एकही नाम व एकही तारीख नाही. सर्व भार क्रियाविशेषणांवर.’ मी चिडून पुढच्या पत्रात आणखी अवघड शब्द घातले. त्यांनी सात दिले. मग मलाच चटक लागली. त्यांच्यासाठी मी दोन-दोन तास पत्र घडवायचे, आणि शेठना वाटायचं केवढी कष्टाळू बाई. शेवटच्या पत्राला नऊ मिळाले. पुढचं पत्र तपासून आलं नाही. किल्ली न्यायला त्यांचा मुलगा आला. त्याने कपाटात सापडलेली माझी सगळी पत्रं दोऱ्याने बांधून परत आणली होती. “बाबा म्हणायचे, ही मुलगी हुशार आहे, पण चुकीच्या शाळेत आहे,” तो म्हणाला. ते गाठोडं अजून माझ्याकडे आहे. सोडायचा धीर होत नाही.

पण मला लिहायचंय ते पेडणेकर काकांबद्दल.

पेडणेकर काका लालबागचे, गोदीत नोकरी करून निवृत्त झालेले. खोली दहा बाय बाराची, माणसं नऊ. त्यांनी आमच्या ‘जलदर्शन’ नावाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला होता. जलदर्शन हे नाव शेठचं. नळाला पाणी येण्याची काही चिन्हं नव्हती, पण पावसाळ्यात पायात मात्र जलदर्शन नक्की होतं. काका महिन्यातून एकदा यायचे, पांढरा शर्ट, हातात छत्री, आवाज कधी चढवायचे नाहीत. भांडणाऱ्या माणसाला पत्र लिहिणं सोपं असतं. न भांडणारा माणूस फार जड जातो.

एका जानेवारीत ते म्हणाले, “मर्सीबाई, माझ्या विकासचं लग्न ठरतंय. मुलगी सफाळ्याची, नर्स आहे. मुलीच्या वडिलांची भाताची गिरण. माणूस सरळ आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, नऊ माणसांत दहावी म्हणून मुलगी देणार नाही; आधी घर, मग लग्न. तर घर कधी, ते त्यांना दाखवायला एक पत्र द्याल?”

शेठ म्हणाले, “लिहा, इन ड्यू कोर्स.” आणि बाहेर गेले.

मी कागद मशिनमध्ये घातला. ‘इन ड्यू कोर्स’ टाइप केलं, वाचलं. वाक्य कोरडं वाटलं. लंगडत होतं. समोर काका छत्री गुडघ्यात धरून बसलेले. मला वाटलं, माणूस एवढा चांगला, लग्नाचं पत्र, त्यात जरा ओलावा नको? कागद काढला, नवा घातला, आणि लिहिलं, ‘व्हेरी शॉर्टली’. वाक्याला कशी झकास लय आली! मी ते काकांना वाचून दाखवलं, वर मराठीत अर्थ सांगितला: “अगदी थोड्याच दिवसांत.” काकांनी पत्र घडी न घालता, वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं. मी स्वतःवर इतकी खूश, की त्या दिवशी घरी जाताना टाच रुतली तरी कळलं नाही.

माझ्या तक्त्याच्या हिशेबाने ‘व्हेरी शॉर्टली’ म्हणजे वर्ष, हे मी विसरले नव्हते. पण ते कोष्टक माझ्या काचेखाली होतं, सफाळ्याच्या गिरणीत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी काका आले. हातात पत्रिकांची पिशवी, बोटांना हळदकुंकू. “पहिली गणपतीला ठेवली,” ते म्हणाले, “दुसरी तुमच्या ऑफिसला. शेठना एक, तुम्हाला एक.” कागदावर अक्षता टाकून त्यांनी पत्रिका माझ्या हातात दिली. लग्न तीन आठवड्यांवर, सफाळ्याला, सकाळचा मुहूर्त. मी वाचत वाचत तळाशी आले. तिथे छापलं होतं: ‘वधूचा गृहप्रवेश: त्याच दिवशी सायंकाळी, जलदर्शन, फ्लॅट क्रमांक दोनशे चार.’

“काका,” मी म्हटलं, “हा पत्ता...”

“तुमचं पत्र होतं ना,” ते म्हणाले. “व्याह्यांनी शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. लगेच तिथी काढली.”

त्या वेळी जलदर्शनच्या दुसऱ्या मजल्यावर भिंती होत्या. बाकी काही नव्हतं. दार नाही, फरशी नाही, खिडक्यांच्या जागी भोकं, जिन्याला कठडा नाही.

शेठना सांगितलं. ते पोट धरून हसले. “मग आता लिहा, व्हेरी व्हेरी शॉर्टली!” मग हसू आवरून म्हणाले, “मॅडम, पत्रावर सही तुमची आहे. लोकांचं लग्न मी थोडंच ठरवलं?” तेही खरंच होतं.

मी माफीचं पत्र लिहायला बसले. डिक्शनरी उघडली. तीन दिवस कागद घातले आणि काढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की त्या सबंध तक्त्यात ‘नाही’ला जागाच नव्हती. आणि चौथ्या दिवशी मुलगीच आली.

सुजाता तिचं नाव. दवाखान्याची ड्यूटी संपवून, पांढऱ्या साडीतच आलेली. बारीक चणीची, डोळे मात्र असे की इंजेक्शन देण्याआधी माणूस आपणच बाही वर करील. “ताई, मला घर बघायचंय,” ती म्हणाली. मी कारणं काढायला तोंड उघडलं. ती म्हणाली, “रिक्षा बाहेर उभी आहे.”

आम्ही जिना चढलो, भिंतीला हात लावत लावत. दोनशे चारमध्ये सिमेंटची पोती आणि कबुतरं. सुजाता दाराच्या भोकात उभी राहिली. एक पाय अलीकडे, एक पलीकडे.

“‘व्हेरी शॉर्टली’ तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“कशावरून?”

माझ्या जिभेवर चार इंग्रजी शब्द आले. पण बाहेर पडलं ते असं: “ऐकायला बरं वाटलं म्हणून.”

ती रागावेल असं वाटलं. ती हसली. “आम्ही पण पेशंटला म्हणतो, लवकर बरे व्हाल. तो शब्द माझ्या ओळखीचा आहे. पण ताई, माझे बाबा तुमचं पत्र देव्हाऱ्यात ठेवतात. रोज त्याला फूल वाहतात. आता घर नाही म्हटलं तर ते लग्न मोडतील. शब्दाचे पक्के आहेत. आणि लग्न झालं नि घर नसलं, तर मी लालबागला दहावी. एकदा त्या खोलीत शिरले की तिथून बाहेर कोण काढणार मला? तुमचे शेठ?”

मी पोत्यावरचं कबुतर हाकललं.

तिने पायाखालच्या सिमेंटकडे पाहिलं. “मला दार नको, फरशी नको, रंग नको. एक उंबरठा बसवून द्या. माप ओलांडायला उंबरठा लागतो. बाकीचं माझं मी बघते.”

आम्हा ख्रिस्ती घरांत माप नसतं. उंबरठा ही वस्तू मला ठेच लागण्यापुरती माहीत. तिने समजावून सांगितलं: नवी नवरी येते तेव्हा उंबरठ्यावर तांदळाने भरलेलं माप ठेवतात, ती पायाने ते आत लवंडते आणि घरात येते. तिथून पुढे ती त्या घराची.

दुसऱ्या दिवशी मी साइटच्या सुपरवायझरला, पाटकरांना, विचारलं. ते म्हणाले, “फ्लॅटला उंबरठा कसला, बाई? मार्बलची पट्टी बसते. ती पण फरशीनंतर. फरशी कधी, ते तुम्हीच पत्रात लिहिता!”

म्हणून मी गेले गावात, इनासमामांकडे. इनासमामा आमच्या वाडीतले सुतार. चर्चची बाकं त्यांनी केलेली, आणि गावात कुणी गेलं की पेटीही त्यांच्याच हातची. त्यांना मी सगळं सांगितलं. आमच्या बोलीत त्यांनी जे सुनावलं ते इथे शुद्ध मराठीत लिहिते, त्याने त्याची धार निम्मी होईल: “म्हणजे शिकलेली तू, खोटं लिहिलंस तू, आणि घाम मी गाळायचा?”

“हो, मामा.”

“कधी पाहिजे?”

“मुहूर्त सोळा दिवसांवर आहे.”

“हां. अशी तारीख सांगावी माणसाने,” ते म्हणाले आणि उठून फणसाची फळी काढायला गेले. “आयुष्यात बाकं केली, पेट्या केल्या. आत जायची वस्तू पहिल्यांदा करतोय.”

उंबरठा आला केळीच्या टेंपोतून, घडांच्या मधे आडवा. पाटकर म्हणाले, “शेठना विचारलंत?”

“लवकरच विचारते,” मी म्हटलं.

पाटकर या धंद्यात मुरलेले. त्यांना अर्थ कळला. त्यांनी गवंड्याला हाक मारली आणि स्वतः दुसरीकडे बघत उभे राहिले. जिन्याला बांबूचा कठडाही त्यांनीच बांधून घेतला, वर म्हणाले, “हे मजुरांच्या सोयीसाठी हो.”

लग्नाच्या दिवशी चार वाजता वरात जलदर्शनला आली. पन्नास-साठ माणसं. त्यांत आमचीच कितीतरी गिऱ्हाइकं. काकांनी इमारतीतल्या सगळ्या बुकिंगवाल्यांना आग्रहाने बोलावलं होतं. शेठही आले. पत्रिका हातात दिली होती, न येऊन कसं चालेल? काकांनी त्यांना हार घातला, नारळ दिला, आणि फोटोग्राफरने दोनशे चारच्या भोकासमोर त्यांचा व्याह्यांबरोबर फोटो काढला. गिरणीवाले भिंतींकडे बघत होते, छताकडे बघत होते, त्यांच्या कपाळावर आठ्या साठत होत्या. शेठ खुशीत होते. त्यांना वाटलं, तासाभराचा कार्यक्रम आहे, जाहिरात फुकट.

उंबरठ्यावर माप. बायकांनी वाट अडवली: नाव घे. सुजाताने कपाळावरच्या मुंडावळ्या सारख्या केल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“खिडकीला नाही तावदान, दाराला नाही कडी,
विकासरावांसोबत बसवते संसाराची घडी.”

सगळ्यात जोरात टाळ्या शेठनी वाजवल्या. तिने पायाने माप लवंडलं, तांदूळ सिमेंटवर पसरले, ती आत गेली. तिचे वडील बाजूला उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि आठ्यांसकट सगळा चेहरा पुसला.

सहा वाजता शेठ म्हणाले, “चला काका, छान झालं. आता मंडळींना उतरायला सांगा, अंधार पडेल, लाइट नाही.”

पेडणेकर काकू तोपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या पुढे आल्या. “अहो शेठ, माप ओलांडून आत आलेली सून. तिला त्याच पावली बाहेर कशी काढायची? लक्ष्मी म्हणतात तिला. तुम्ही सांगाल का तिला जा म्हणून?”

पन्नास-साठ माणसं शेठच्या तोंडाकडे बघायला लागली. शेठ माझ्या तोंडाकडे. आणि मी खिडकीच्या भोकातून खाली पाहत होते. वरातीच्या मागून एक टेंपो आला होता. त्यातून गाद्या उतरत होत्या, मग स्टोव्ह, कंदील, मग पाण्याची दोन पिंपं. आतून सुजाताची हाक आली, “ताई, पिंपं कुठल्या कोपऱ्यात ठेवू? पाण्याची लाइन कुठून येणारे?”

उंबरठा मागताना त्या मुलीने सबंध घर मागितलं होतं, हे माझ्या हुशार डोक्यात तेव्हा शिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ ऑफिसात आले ते तापलेलेच. “मॅडम, मशिनला कागद लावा. पेडणेकरांना. जागा इमिजिएटली खाली करा. इमिजिएटली खाली रेघ मारा.”

मी कागद लावला. पाटकर हिशेबाची वही घेऊन दारात उभे. मी त्या तक्त्याकडे पाहिलं, वरच्या शब्दापासून तळाच्या शब्दापर्यंत. मग कागद काढून टेबलावर ठेवला.

“नाही, शेठ.”

“नाही म्हणजे? इन ड्यू कोर्स लिहिताय?”

“नाही म्हणजे नाही. मी हे पत्र लिहिणार नाही. आणि ती माणसं जाणार नाहीत.”

नोकरी गेली असंच मी धरलं होतं. घरी काय सांगायचं ते मनात जुळवायलाही लागले होते. शेठ खुर्चीत बसले. म्हणाले, “फोटोत मी हार घालून उभा आहे. नारळ हातात.” विटांचा व्यापारी, कुठली वीट ओढली की भिंत पडते ते त्यांना बरोबर कळायचं. मग पाटकरांकडे न बघता म्हणाले, “त्या दोनशे चारला दरवाजा बसवा.”

“कधी?” पाटकरांनी सवयीने विचारलं.

शेठचं तोंड सवयीने उघडलं. माझ्याकडे पाहून मिटलं. “आज,” ते म्हणाले.

दरवाजा नवव्या दिवशी बसला. बांधकामात त्याला आजच म्हणतात. पण त्यामागोमाग पाण्याचा टँकर लागला, फरशी आली, वीज आली, कारण माणसं राहत असलेल्या इमारतीचं काम थांबवून मजूर दुसरीकडे नेणं शेठना जमेना. काकू गॅलरीतून मजूर मोजायच्या. महिन्याभरात बाकीच्या बुकिंगवाल्यांकडून इनासमामांकडे आणखी अकरा उंबरठ्यांची ऑर्डर गेली. मामा म्हणाले, बाकं करायला आता वेळच नाही.

मी सुधारले, असं लिहिलं तर छान दिसेल. पण मी पुढेही नऊ-दहा वर्षं ‘शॉर्टली’ लिहीतच राहिले. पोट होतं, मुलांची शाळा होती. फरक पडला तो इतकाच की पत्र लिहिण्याआधी मी साइटवर जायचे आणि त्या माणसाच्या दारापर्यंत चढून यायचे. सपाट चपला घालून. काही वेळा उतरल्यावर पत्र लिहवत नसे. मग मी माणसाला बोलावून मराठीत सांगायचे, की अजून दीड वर्ष धरा. त्यांतले दोघे-तिघे भांडले, एकाने छत्री उगारली. बाकीचे म्हणाले, बरं झालं सांगितलंत, पोराची शाळा या वर्षी बदलत नाही मग.

लग्नानंतर चौथ्या दिवशी मी दोनशे चारला गेले होते. दार नव्हतंच, काकूंची एक जुनी साडी पडदा म्हणून लावलेली. वाजवायचं कशावर? मी बाहेर घुटमळत उभी.

“कोण?” आतून सुजाताचा आवाज.

“मी, ऑफिसातली मर्सी.”

“मग या ना आत! अडवायला दार कुठाय?”

मी पडदा बाजूला करून पाय उचलला आणि चांगलीच ठेचकाळले. खाली पाहिलं. उंबरठा एका बाजूने दोन बोटं वर बसला होता. गवंड्याने मुहूर्त गाठायला घाई केली होती. अख्ख्या जलदर्शनमध्ये घाईने झालेलं ते एकच काम.